घाई आणि मौन : मधल्या टप्प्यावरील लेखकाविषयी काही विचार

२०२६ च्या जानेवारीत साताऱ्याला ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्यापूर्वी १९९३ साली विद्याधर गोखले यांच्या अध्यक्षतेखाली ते साताऱ्यातच झाले होते. शेजारच्या कराडने १९७५ साली दुर्गा भागवत आणि २००३ साली सुभाष भेंडे यांना अध्यक्षपदी पाहिले. सांगलीला २००८ साली म. द. हातकणंगलेकर अध्यक्ष होते. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांना साहित्याचा मांडव नवा नाही. ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी होते, दोन-चार दिवस गावाला सणाची कळा येते. याविषयी आनंदच मानला पाहिजे. परंतु मांडव उतरल्यावर एक प्रश्न मागे उरतो आणि तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे ठेवावा असे मनात आहे. ज्याची तीन-चार पुस्तके आलेली आहेत, जाणकारांना ज्याचे नाव ठाऊक आहे, ज्याचे वय चाळीस ते साठच्या दरम्यान आहे आणि ज्याच्याकडे आता कोणाचेही विशेष लक्ष नाही, अशा लेखकाचे या उत्सवात आणि उत्सवानंतर नेमके स्थान कोणते?

पहिल्या पुस्तकाचे कौतुक करणे सोपे असते. त्यात बारशाचा आनंद असतो. वयोवृद्ध साहित्यिकाचा सत्कार करणेही सोपे असते. त्यात कृतज्ञता असते आणि आजवर आपण दुर्लक्ष केले याची थोडी रुखरुखही असते. या दोन समारंभांच्या मधली वीस-पंचवीस वर्षे मात्र लेखकाने एकट्यानेच काढावयाची असतात. वास्तविक त्याची हीच वर्षे सर्वांत फलदायी असतात. अनुभव पिकलेला असतो, भाषा हाताशी आलेली असते, पहिल्या पुस्तकातील उसनवारी गळून पडलेली असते. तरीही नेमक्या याच काळात समाज त्याच्याकडे पाठ फिरवतो. 'ते होय, लिहितात की अजून!' एवढ्या एका वाक्यात त्याची वासलात लावली जाते.

आपल्या संस्थात्मक व्यवस्थेकडे पाहिले तर हेच चित्र दिसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. शासनाने साहित्याला आधार द्यावा हा विचार ज्यांच्या हातून आकाराला आला, ते सातारा जिल्ह्यातील होते याचा आपल्याला अभिमान वाटावा. त्या मंडळाची नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देणारी योजना आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत 'प्रथम प्रकाशन' हा स्वतंत्र विभाग आहे. साहित्य अकादमीने २०११ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला. दुसऱ्या टोकाला विंदा करंदीकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. या सर्व योजना योग्यच आहेत. मधल्या लेखकाला पुरस्कार मिळतच नाहीत असेही नाही. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार ग्रंथाला दिला जातो, लेखकाच्या वयाला नव्हे. पण तो एका भाषेत वर्षाला एकच असतो. पायरीला आणि कळसाला दिवे लावून गाभारा अंधारात ठेवावा, तसे हे झाले आहे.

येथे समीक्षकाने एक पाऊल पुढे जाऊन विचारले पाहिजे, की या दुर्लक्षाचा परिणाम केवळ लेखकाच्या मनावर आणि संसारावर होतो, की त्याच्या लेखनावरही होतो? माझे उत्तर असे आहे, की उपेक्षेची किंमत लेखक एकटा मोजत नाही. त्याची पुस्तकेही ती मोजतात. ती दोन प्रकारांनी दिसून येते. कधी लेखनात घाई शिरते, तर कधी लेखकावर मौन उतरते. आपल्याच परिसरातील दोन लेखकांच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

पहिले उदाहरण अण्णा भाऊ साठे यांचे. वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे त्यांचे जन्मगाव. १ ऑगस्ट १९२० रोजी ते जन्मले, तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांनी त्यांना आपले म्हणावे. शाळेशी त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाही. वडिलांबरोबर ते पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले, शाहीर झाले आणि मग कथा-कादंबरीकडे वळले. 'फकिरा' प्रसिद्ध झाली १९५९ साली, म्हणजे लेखकाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली. एका प्रस्थापित साहित्यिकाने दुसऱ्या वाटेने आलेल्या लेखकाच्या पाठीवर हात ठेवावा, ही आपल्या वाङ्मयीन इतिहासातील एक सुंदर घटना आहे. १९६१ साली या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला.

म्हणजे अण्णा भाऊंना मान्यता मिळाली नाही असे म्हणता येणार नाही. मिळाला नाही तो आधार. पुरस्कारानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, मुंबईत दारिद्र्यावस्थेत त्यांचे निधन झाले. सुमारे दोन दशकांच्या लेखनकाळात त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, त्यांपैकी काहींवर चित्रपट निघाले. या संख्येचे आपण कौतुक करतो. पण समीक्षकाने ती संख्या थोडी काळजीपूर्वक वाचली पाहिजे. 'फकिरा'मध्ये वारणेचे खोरे, दुष्काळ, भुकेलेल्या माणसांसाठी पुकारलेले बंड आणि गावगाड्यातील मानापमान यांची जी घट्ट वीण आहे, ती त्यांच्या प्रत्येक कादंबरीत आढळत नाही. काही ठिकाणी नायक आणि खलनायक आधीच ठरून गेलेले असतात, योगायोग मदतीला धावतात, शेवट लवकर गाठला जातो. ही प्रतिभेची उणीव नव्हे. ज्याची चूल पुढच्या हस्तलिखितावर अवलंबून आहे, त्याला मागचे हस्तलिखित पुन्हा लिहून काढण्याची सवड मिळत नाही. त्या उणिवांसाठी केवळ लेखकाला जबाबदार धरणारी समीक्षा अर्धे सत्य सांगते, आणि त्या उणिवा झाकून केवळ जयजयकार करणारी समीक्षाही अर्धेच सत्य सांगते. आज त्यांचे पुतळे उभे आहेत. २०२२ साली मॉस्कोतील एका ग्रंथालयातही एक उभा राहिला. १९६१ ते १९६९ या आठ वर्षांत त्यांना वर्षभर निश्चिंतपणे एकच पुस्तक लिहिता आले असते, तर मराठी कादंबरीला काय मिळाले असते, हा प्रश्न मात्र कोणताही पुतळा पुसून टाकू शकत नाही.

दुसरे उदाहरण मौनाचे आहे. चारुता सागर हे नाव वाचून अनेकांना ही कोणी लेखिका असावी असे वाटते. त्यांचे खरे नाव दिनकर दत्तात्रय भोसले. १९३० साली कवठेमहांकाळ तालुक्यातील मळणगाव येथे त्यांचा जन्म झाला. पेशाने ते शिक्षक होते. 'सत्यकथा' मासिकातून त्यांची कथा जाणत्या वाचकांसमोर आली. 'नागीण', 'नदीपार' आणि 'मामाचा वाडा' हे त्यांचे कथासंग्रह. २०११ साली ते निवर्तले. ऐंशी वर्षांच्या आयुष्यातील ही वाङ्मयीन शिदोरी तशी लहानच म्हणावी लागेल.

या कथेचे वेगळेपण कशात आहे? ग्रामीण कथा म्हटली की आपल्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते : गमतीदार इरसाल माणसे, पाटलाची चावडी, चुरचुरीत संवाद. चारुता सागर यांनी ही वाट घेतली नाही. अवर्षणप्रवण मुलखातील, गावाच्या वस्तीपेक्षा गावाच्या कडेला वावरणारी माणसे त्यांना दिसली. देवाच्या नावाने सोडलेली जोगतीण त्यांच्या कथेत येते ती कुतूहलाचा विषय म्हणून नव्हे, तर दुःख भोगणारी व्यक्ती म्हणून. निवेदक तिच्यासाठी गळा काढत नाही, धर्माच्या नावाने चाललेल्या क्रौर्यावर व्याख्यानही देत नाही. एका धर्मगुरूला ही गोष्ट विशेष जाणवते. आम्हा मंडळींना प्रत्येक दुःखाच्या शेवटी एक बोध जोडण्याची सवय असते. बोध न जोडताही वाचकाचा विवेक जागा करता येतो, हे अशा कथेपासून शिकावे.

त्यांची 'दर्शन' ही कथा आणि राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या यांच्या आधारे २००९ साली राजीव पाटील यांचा 'जोगवा' हा चित्रपट आला. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला पाच पुरस्कार लाभले. त्यातील युगुलगीत महाराष्ट्रातील लग्नाच्या मांडवांतून आजही ऐकू येते. आपल्या वाचकांपैकीही बहुतेकांनी ते ऐकले असेल. पण त्या चित्रपटाच्या मुळाशी मळणगावच्या एका शिक्षकाची कथा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? चित्रपट आला तेव्हा लेखकाचे वय ७८ वर्षांचे होते. पुढे दीड वर्षातच ते गेले.

येथे कोणी म्हणेल, की त्यांनी थोडे लिहिले हा त्यांचा स्वभाव असेल. त्याचे खापर समाजावर कशाला? स्वभावाचा भाग मी नाकारत नाही. परंतु एक वाङ्मयीन वस्तुस्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. चारुता सागर कथाकार होते आणि कथा ही मासिकांच्या आश्रयाने जगते. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. त्या वेळी ते पन्नाशीत होते, म्हणजे नेमके आपण ज्या टप्प्याविषयी बोलत आहोत त्याच टप्प्यावर. आपल्या पुढच्या कथेची वाट पाहणारा चोखंदळ संपादक असणे आणि नसणे, यांत कथाकाराच्या बाबतीत फार अंतर पडते. शिवाय आपल्याकडे अशी एक समजूत आहे, की कथा ही उमेदवारी आणि कादंबरी ही खरी कर्तबगारी. जो कथेशीच एकनिष्ठ राहतो त्याचा विचार मागे पडतो. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'ला १९७३ साली, जयंत पवार यांच्या कथासंग्रहाला २०१२ साली आणि आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला. पण या तीन नावांमधील वर्षांची अंतरे पुरेशी बोलकी आहेत.

आणखी एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. गुणवत्ता असेल तर ती आपली वाट शोधतेच, असे काही जण म्हणतात. त्यासाठी सांगली जिल्ह्यातीलच आटपाडी तालुक्याचा दाखला देता येईल. ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळला, व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला आणि शंकरराव खरात १९८४ साली जळगावला संमेलनाध्यक्ष झाले. अकरा-बारा वर्षांत एका दुष्काळी तालुक्याने तीन अध्यक्ष दिले! हे निःसंशय गौरवास्पद आहे. पण थोडे बारकाईने पाहावे. ग. दि. माडगूळकरांना चित्रपट आणि आकाशवाणीने घराघरांत नेले. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या नोकरीत होते. शंकरराव खरातांच्या पाठीशी वकिलीचा व्यवसाय आणि आंबेडकरी चळवळ होती. तिघांचीही गुणवत्ता वादातीत आहे. तथापि तिघांनाही मधल्या वर्षांत उभे राहण्यासाठी कोठेतरी जमीन मिळाली होती. गुणवत्ता वाट शोधते हे खरे, पण वाट असावी लागते.

ही जमीन नेहमी सरकारच देते असे नाही. आपल्या ख्रिस्ती परंपरेतील एक उदाहरण साताऱ्याशी निगडित आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यास आले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना त्यांनी तेथे साकारण्याचा प्रयत्न केला. १९१९ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पूर्ण केले आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्या ग्रंथाचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. रीतसर शिक्षण नसलेल्या या बाईंच्या मागे कोणती संस्था नव्हती. पाठीशी होता तो मुलगा देवदत्त, त्याचा आग्रह आणि त्याने घेतलेली मेहनत. 'स्मृतिचित्रे'च्या गद्याला जी निवांत, बोलकी चाल आहे, ती ऐकणारे कोणीतरी समोर बसलेले असल्याशिवाय येत नाही. घर हेही साहित्याचे आश्रयस्थान होऊ शकते, हे आपल्या कुटुंबांनी यातून ध्यानात घ्यावे.

आपल्या कॅथलिक समाजातील अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. १९८३ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले. 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० साली उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले आणि २०२४ साली त्यांनी आपला निरोप घेतला. मान्यता उतारवयात आली. पण मधल्या वर्षांत दर महिन्याला मजकूर मागणारे एक मासिक आणि तो वाचणारी कुटुंबे त्यांच्यापाशी होती. चारुता सागर यांच्या मधल्या वयात 'सत्यकथा' बंद पडले. दिब्रिटो यांच्या मधल्या वयात 'सुवार्ता' चालू होते. लहान नियतकालिकाचे मोल समजण्यास एवढी तुलना पुरे.

तिसरा आधार समीक्षकाचा. सांगलीत राहून हातकणंगलेकरांनी धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींशी दीर्घ स्नेह आणि पत्रव्यवहार राखला, पुढे जी. एं.ची पत्रे संपादित करण्यातही त्यांचा वाटा होता. लेखकाचे प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकांशी जोडून वाचणारा एक वाचक मिळाला, तर एकांतात लिहिणाऱ्याचे हात बळकट होतात. कृष्णाकाठच्या औदुंबरचे सदानंद साहित्य मंडळही आठवावे. कवी सुधांशू यांच्या पुढाकाराने सुरू झालेला तेथील संक्रांतीचा साहित्यमेळा आठ दशकांहून अधिक काळ चालत आला आहे. गाव लहान असले तरी साहित्याचा संसार नेटाने करता येतो, याचे ते उदाहरण होय.

आता स्वतःविषयी एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या साहित्यसंस्थेने मला परीक्षक म्हणून बोलावले होते. अखेरच्या फेरीत दोन पुस्तके उरली. एक होते तरुण कवीचे पहिले पुस्तक, दुसरे होते पन्नाशीतल्या एका लेखकाचे चौथे. चौथे पुस्तक सरस आहे याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. तरीही बैठकीत मी म्हणालो, 'यांना पूर्वी मिळाले आहे, नव्याला उत्तेजन देऊ या.' सर्वांनी माना डोलावल्या. ते बोलताना मला आपण उदार आहोत असे वाटत होते. पुढे त्या लेखकाची गाठ पडली, तेव्हा नवे काय चालले आहे असे सहज विचारले. ते हसून म्हणाले, 'फादर, आता लिहून झाले.' या उत्तराला माझा तो एक निर्णय कारण झाला असे मानणे हा अहंकार ठरेल. पण मी दयाळूपणा आणि न्याय यांत गल्लत केली होती, हे मात्र खरे. सेमिनरीत आम्हाला या दोहोंतील भेद पुष्कळ शिकवला होता!

उलट दिशेची चूकही टाळावयास हवी. उपेक्षित आहे म्हणून थोर, असे समीकरण मांडणे म्हणजे लेखकाचा नव्याने अपमान करणे होय. त्याला सहानुभूती नको असते. त्याला गंभीर वाचन हवे असते. त्याच्या चौथ्या पुस्तकात तिसऱ्याची पुनरावृत्ती असेल तर ती दाखवावी, भाषा सैल झाली असेल तर तसे म्हणावे. परखड परीक्षणाने लेखक नाउमेद होतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात परीक्षणच न येण्याने तो अधिक खचतो.

मग आपण, धर्मग्रामातील सामान्य कुटुंबांनी, काय करावे? मोठ्या गोष्टी सुचवीत नाही. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या लिहित्या लेखकाचे नवे पुस्तक वर्षातून एकदा विकत घ्यावे. प्रथम कम्युनियन, वाढदिवस, नाताळ या निमित्तांनी भेटी देतोच; त्यात एक असे पुस्तक असावे. गावच्या सार्वजनिक वाचनालयाला शासनाचे अनुदान मिळते आणि त्यातून ग्रंथखरेदी होते. सभासदाने एका ओळीत मागणी नोंदवली तर ग्रंथपाल ते पुस्तक आणू शकतो. २०१७ साली महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरील भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. सुटीत तेथे मुलांना नेताना हयात असलेल्या आणि फारशी चर्चा न झालेल्या एका लेखकाचे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे. वाचून झाल्यावर लेखकाला एक पोस्टकार्ड लिहावे. आवडले नसेल तर का आवडले नाही तेही लिहावे. या त्रैमासिकाच्या संपादकांनाही माझी विनंती आहे, की प्रत्येक अंकात किमान एक परीक्षण लेखकाच्या तिसऱ्या किंवा त्यापुढच्या पुस्तकाचे असावे, आणि त्यात आधीच्या पुस्तकांचा मागोवा घेतलेला असावा. पहिले परीक्षण लिहून देण्याची जबाबदारी मी घेतो.

त्यासाठी पुस्तकही निवडून ठेवले आहे. ज्या लेखकाचे चौथे पुस्तक मी परीक्षक म्हणून बाजूला सारले, तेच पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले आहे. परीक्षण छापून आले, की अंकाची प्रत घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी जाणार आहे.